तुझ्या मामाला सांग

आमचं स्वयंपाकघर कारखान्याच्या बरोबर डोक्यावर होतं, त्यामुळे खाली काय चाललंय हे आईला कधी कुणाला विचारावं लागलं नाही. लेथ सुरू झाला की फडताळातल्या कपबश्या किणकिणायच्या, ड्रिल सुरू झालं की ताकाच्या पातेल्यात बारीक वलयं उठायची, आणि कुणी घण मारायला लागलं की देवघरातला बाळकृष्ण सरकत सरकत पाटाच्या कडेला यायचा. आई त्याला उचलून पुन्हा मध्ये बसवायची आणि म्हणायची, "झालं, अडलं ह्यांचं काम." काम सुरळीत चाललेलं असलं की दादा घणाला हात लावत नसत. कसबा पेठेतल्या आमच्या त्या बोळात सगळे ठोकणारेच राहायचे. मागच्या बाजूला तांब्याचे हंडे ठोकणारे, समोर पत्र्याच्या ट्रंका करणारे, कोपऱ्यावर चांभार. शाळेत बाई "शांत बसा" म्हणाल्या की आपल्या कानात काहीतरी बिघडलंय असं मला वाटायचं. आता मी बाराव्या मजल्यावर राहते. दुपारी इथे इतकं सामसूम असतं की मी रेडिओ लावून ठेवते. सून म्हणते, आई, तुम्ही ऐकत तर नाही. ऐकायला नाहीच लावलेला, सोबतीला लावलाय.

दादा म्हणजे माझे वडील. कारखान्याची मालकी दोघांची, दादांची आणि वसंतमामाची. वसंतमामा आईचा सख्खा धाकटा भाऊ. त्याने लग्न केलं नव्हतं. कारखान्याच्या मागच्या खोलीत तो राहायचा आणि दोन्ही वेळा आमच्याकडे जेवायचा. बाजारात जे मशीन मिळत नाही ते हवं असलेली माणसं आमच्याकडे यायची. कुणाला पापडाचं पीठ कुटणारं हवं असे, कुणाला ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यांना बाक देणारं. एकदा एक गृहस्थ उदबत्त्या मोजणारं मशीन मागायला आले होते. दादांनी त्यांना मशीनऐवजी एक मुलगा कामाला ठेवण्याचा सल्ला दिला. मशीनची बांधणी दादांची आणि जुळवणी मामाची. बांधणी म्हणजे लोखंड कापून, जोडून, त्याला आकार देणं. हे लोकांना दिसतं. जुळवणी दिसत नाही. उभं राहिलेलं मशीन सपाट बसलंय का, त्याचे फिरणारे भाग एकमेकांशी सरळ आहेत का, हे बघत बसणं आणि खाली कागदाएवढे पातळ पत्रे सरकवून ते सरळ करणं म्हणजे जुळवणी. त्या पत्र्यांना आमच्याकडे शिम म्हणायचे. दादा दणकट, घाईचे आणि मोठ्याने बोलणारे होते. मामा काटकुळा, सावकाश, आणि त्याला कुठलीही तिरकी गोष्ट बघवायची नाही. त्याच्या शर्टाच्या खिशात वीतभर लांबीची स्पिरिट लेव्हल कायम असायची. काचेच्या नळीतला तो बुडबुडा बरोबर मध्ये येतो का, हे तो कुठेही बघायचा. बँकेच्या काउंटरवर, दवाखान्यातल्या बाकावर, एकदा तर मंगल कार्यालयात वधूवरांच्या पाटांवर. पाट एका बाजूला कललेला निघाला म्हणून त्याने खाली अक्षतांची पुडी सरकवली होती. लोक हसायचे. नारायण पेठेतली माणसं मात्र हसली नाहीत.

मी बी.एस्सी. होऊन घरी बसले होते आणि मला दाखवायला नारायण पेठेत न्यायचं ठरलं. स्थळ दादांना फार आवडलं होतं. मुलगा बँकेत, वडील निवृत्त मुख्याध्यापक, घर स्वतःचं. आम्ही चौघं गेलो. पोहे झाले, माझं शिक्षण विचारून झालं, मुलगा माझ्याकडे बघण्याऐवजी माझ्या मागच्या कॅलेंडरकडे बघत होता. मग त्याच्या आईने बेसनाचे लाडू आणले. ताटलीतला एक लाडू सुटला आणि कुणी हात न लावता टेबलावरून संथपणे चालू लागला. आम्ही सगळे त्याच्याकडे बघत राहिलो. टेबलाच्या टोकाशी मुख्याध्यापक बसले होते, तो त्यांच्या मांडीवर जाऊन विसावला. मी मामाकडे बघितलं, तर त्याचा हात खिशाकडे गेला होता. त्याने लेव्हल आधी टेबलावर ठेवली. मग फरशीवर, मग खिडकीच्या कट्ट्यावर, मग उंबऱ्यावर. नंतर परत येऊन बसला आणि अतिशय काळजीने म्हणाला, "टेबल ठीक आहे. तुमचं घर दक्षिणेकडे बसतंय."

मुख्याध्यापकांनी मांडीवरचा लाडू उचलून ताटलीत ठेवला. "आपण मुलगी दाखवायला आलात," ते म्हणाले, "की आमच्या घरावर नोटीस लावायला?"

"नाही, नाही," मामा म्हणाला. "लगेच पडणार नाही."

पुढचं सांगण्यासारखं काही नाही. घरी परतताना दादा आमच्या पुढे वीस पावलं चालत होते. दोन दिवसांनी तिकडून निरोप आला, की मुलीबद्दल तक्रार नाही, परंतु मामांनी येऊन झाल्या प्रकाराची माफी मागावी, मग पुढचं बघू. दादांनी तो निरोप मामाला सांगितला. मामा म्हणाला, "माफी कशाची? पुन्हा मोजायला सांगत असतील तर येतो." त्यावर दादा काहीच बोलले नाहीत. पुढेही काही बोलले नाहीत. त्या दिवसापासून दोघांचा अबोला सुरू झाला. मला विचाराल तर मला त्या लाडवाचे पाय धरावेसे वाटत होते, पण मला कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दादांनी खडूने कारखान्याच्या मधोमध रेघ मारली. लेथ आणि लोखंड पकडून ठेवायचा मोठा व्हाइस त्यांच्या बाजूला, ड्रिल आणि मामाची हत्यारांची पेटी पलीकडे. पाण्याचा माठ रेघेवर आला म्हणून त्याला कुणी हात लावेना, आणि कामगार बाहेर नळावर जाऊन पाणी प्यायचे. जेवणंही वेगळी झाली. आधी मामा वर येऊन जेवायचा, तो खाली उतरला की दादा यायचे. पहिल्या दिवशी आईने दोनदा पानं वाढली, दोनदा उचलली. दुसऱ्या दिवशी मंडईतून येताना तिच्या पिशवीतून दोन लांबलचक दुधी बाहेर आले होते. दादा आणि मामा यांचं ज्या थोड्या गोष्टींवर एकमत होतं त्यातली एक म्हणजे दुधी. दोघांनाही तो डोळ्यांसमोर नको असायचा. आईने दोघांनाही वेगवेगळं, पण तेच सांगितलं. "तुम्ही बोलायला लागलात की मी दुसरी भाजी करायला लागेन." त्यानंतर आमच्याकडे दुधीची भाजी झाली, दुधीची कोशिंबीर झाली, आमटीत दुधी आला, थालीपिठात दुधी आला. हलवा करावा असं मी सुचवलं. आई म्हणाली, "गोड कशाला? काय झालंय गोड करण्यासारखं?"

हे सगळं चाललेलं असताना खाली, त्या खडूच्या रेघेवर आडवं पडलेलं, कारखान्याने आजवर केलेलं सगळ्यात मोठं मशीन उभं राहत होतं. ते लोणी काळभोरच्या शिवरामअण्णांचं होतं. अण्णांचा सोलापूर रस्त्यावर दुधाचे आणि पाण्याचे टँकर बांधायचा धंदा. आजवर ते पत्रा मोठ्या पिंपावर ठोकून ठोकून गोल करायचे, आणि त्यांना आता पत्रा वाकवणारं मशीन हवं होतं. तीन रोलर, प्रत्येक दहा फूट लांब, माणसाच्या मांडीपेक्षा जाड. जाड पत्रा त्यांच्यामधून पुढेमागे फिरवला की तो वाकत वाकत गोल होतो आणि त्याच्या दोन कडा एकमेकींना येऊन भेटतात. फक्त तिन्ही रोलर एकमेकांशी अगदी समांतर हवेत. वरचा रोलर एका टोकाला केसभर जरी खाली असला तरी पत्रा तेवढ्या बाजूला जास्त वळतो, आणि नळकांड्याऐवजी शेंगदाण्याची पुडी तयार होते.

अशी जुळवणी एका माणसाला होत नाही. दोन्ही टोकांना एकेक जाणता माणूस लागतो आणि त्यांना सतत एकमेकांशी बोलावं लागतं. तुझं जरा वर, माझं जरा खाली, थांब, पुन्हा बघ. आमच्याकडे एका टोकाला दादा होते, दुसऱ्या टोकाला मामा, आणि मध्ये अबोला. पहिला अर्धा दिवस दोघं आपापल्या टोकाला बसून छताकडे बघत होते. मग दादांनी जिन्याखाली येऊन मला हाक मारली. "कुसुम, खाली ये. तुझ्या मामाला काही सांगायचंय."

मी खाली गेले. मामा आमच्यापासून दहा फुटांवर, सगळं ऐकू येईल असा बसलेला होता.

"तुझ्या मामाला सांग," दादा म्हणाले, "त्याची बाजू केसभर वर घ्यायला. म्हणावं, डोक्यावरचा केस. मिशीतला नाही."

मी मामाकडे वळले. मामा म्हणाला, "तुझ्या वडिलांना सांग, माझी बाजू जागेवर आहे. त्यांना चष्म्याचा नंबर तपासून घ्यायला सांग."

"चष्मा गेल्या महिन्यात केलाय म्हणावं."

"मग चष्मेवाल्याचा तपासा म्हणावं."

अशी मी कारखान्यात लागले. पहिले दोन दिवस मी निरोप शब्दशः पोचवले, आणि ते ऐकायला समोरचे ट्रंकावाले काम टाकून दारात यायला लागले. मग मी वेळ वाचवण्यासाठी निरोपातला चष्मा, मिशी आणि दोन्ही घराण्यांचा इतिहास गाळून नुसतं "वर" आणि "खाली" सांगू लागले. डायल वाचायलाही मी त्याच वेळी शिकले. डायल म्हणजे घड्याळासारखी तबकडी, एकच काटा, आणि पोटातून बाहेर आलेला एक छोटा दांडा. तो दांडा रोलरला टेकवायचा आणि तबकडी मशीनच्या सपाट पायावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवत न्यायची. काटा हलला नाही तर रोलर सरळ. मामाने वाचलेल्यावर दादांचा विश्वास नव्हता, दादांनी वाचलेल्यावर मामाचा नव्हता, आणि कामगार दोघांनाही घाबरून हवं ते वाचायचे. उरले मी. मला ते काम कसं सांगू, जिभेवर खडीसाखर ठेवल्यासारखं आवडलं. श्वास रोखून तबकडी सरकवायची, आणि इतकं अवाढव्य लोखंड, हत्तीएवढं, त्या एवढ्याशा काट्याला घाबरून असतं. कॉलेजात तीन वर्षं मी प्रयोग केले होते, त्यांची उत्तरं आधीच ठाऊक असायची. इथे कुणालाच ठाऊक नव्हतं.

कधी कधी काटा अचानक थरथरू लागायचा. वर आई दाण्याचा कूट करत असायची. आमच्या माडीचा लाकडी खांब मशीनच्या पायाला खेटूनच उभा होता, त्यामुळे खलबत्त्याचा प्रत्येक ठोका काट्यात उतरायचा. दादांनी मला वर पाठवलं. आई म्हणाली, "काटा थांबेपर्यंत थांबायला सांग. मला दुधीत कूट घालायचाय."

तिसऱ्या आठवड्यात अण्णा चाचणी बघायला आले. बरोबर ओल्या शेंगांचं पोतं आणि स्वतःचा पत्रा. पत्रा रोलरमध्ये गेला, मोटर घुमली, खडूची रेघ थरथरली, आणि पत्रा वळत वळत बाहेर आला. सुरुवातीला सगळे कौतुकाने बघत होते. मग त्याची एक बाजू आधी मिटली आणि दुसरी बाजू आ वासून तशीच राहिली. अण्णांनी त्याच्याभोवती एक चक्कर मारली. मग वाकून मोठ्या तोंडातून आत बघितलं.

"मालक," ते म्हणाले, "ह्यो टँकर हाय का भोंगा?"

कुणी हसलं नाही. "तुझ्या मामाला विचार," दादा मला म्हणाले. "तुझ्या वडिलांना विचार," मामा म्हणाला. अण्णा माझ्याकडे, मग दादांकडे, मग मामाकडे बघत राहिले. नंतर त्यांनी शांतपणे पागोटं नीट केलं. "मी मंगळवारी येतो," ते म्हणाले. "तवर पत्रा सरळ निघाला तर मशीन माजी. न्हाई निघाला तर तुमची. तुमचं घरचं काय असंल ते घरी, आमाला त्यातलं काय नगं." शेंगांचं पोतं मात्र ते ठेवून गेले. ते मनाला जास्त लागलं.

संध्याकाळी दादा चहा घेत आईला म्हणाले, "हे मशीन जाऊ दे, नाहीतर राहू दे. मंगळवारनंतर वाटणी." आई विळीवर दुधी चिरत होती. तिचा एक हात थांबला, मग पुन्हा चालू झाला. एका बाजूला नवरा आणि एका बाजूला भाऊ, आणि मध्ये ती, वरच्या मजल्यावर. तोवर मला हे सगळं गमतीचं वाटत होतं. त्या चिरण्याच्या आवाजाने ती गंमत गेली.

पण मला एक गोष्ट कळत नव्हती. चाचणीच्या आदल्या दिवशी जेवणाआधी मी स्वतः डायल फिरवली होती आणि काटा जागचा हलला नव्हता. मग भोंगा आला कुठून? दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळं जुळवलं, जेवणाआधी काटा बरोबर, आणि जेवणानंतर बघते तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चांगला सरकलेला. मी वर जाऊन आईवर चिडले. म्हटलं, तुझ्या कुटाने मशीन हलतंय. आई म्हणाली, "माझ्या कुटाने काटा हलतो आणि परत जागेवर येतो. जागेवर न येणारं काय आहे ते बघ."

म्हणून शनिवारी मी वाढायला वर गेले नाही. ड्रिलच्या मागे, कापडी बोळ्यांच्या टोपलीआड एका डब्यावर बसले. कामगार घरी जेवायला गेलेले, मामा वर. थोड्या वेळाने दादा आले. एवढा दणकट माणूस, पण चपला हातात घेऊन, मांजरासारखा चालत. त्यांनी जिन्याकडे बघितलं, आपल्या टोकाचा बोल्ट सैल केला, खालून एक शिम ओढून काढली, शर्टाच्या खिशात टाकली, बोल्ट आवळला, आणि मशीनला असं थोपटलं जसं काही ते आजारी आहे आणि आता त्याला उतार पडेल. मग मामा खाली आला, दादा वर गेले. मामाने हात धुतलेले होते, ते त्याने पुन्हा धुतले, पुसले, पेटीतून एक शिम निवडली, उजेडात धरून बघितली, आणि आपल्या टोकाखाली सरकवली. आधी बसवलेली एक तिथे होतीच. दोघांनाही मनापासून वाटत होतं की दुसऱ्याने घोळ घातलाय आणि तो आपण गुपचूप निस्तरतोय. एक आपली बाजू खाली घेत होता, दुसरा आपली वर, आणि रोज दुपारी दुधी खाऊन दोघं मिळून भोंगा तयार करत होते.

मी वाट बघितली. दादा जेवून खाली आले आणि आपल्या टोकाला बसले. मामा आपल्या टोकाला होताच. मी टोपलीमागून उठले आणि रेघेवर जाऊन उभी राहिले.

"शिम कुणी काढली?" मी विचारलं.

"तुझ्या मामाला विचार," दादा म्हणाले.

"मी कुणाला काही विचारणार नाही. मी बघितलंय. दादा, तुमच्या खिशात आहे. मामा, तू दुसरी आता घातलीस, हात धुऊन."

मग दादांनी खिशात हात घातला आणि ती शिम काढून मशीनच्या पायावर ठेवली, वाचनालयाचं पुस्तक परत करावं तशी. मामाने चष्मा काढून पुसायला घेतला.

"आजपासून निरोप बंद," मी म्हणाले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटत होता. "मी मध्ये उभी राहून वर म्हणेन तेव्हा वर घ्यायचं, खाली म्हणेन तेव्हा खाली. न विचारता कुणी बोल्टला हात लावायचा नाही. आणि उद्यापासून दोघांनी एकाच वेळी जेवायला यायचं."

मामा ताडकन म्हणाला, "तिला सांगा—" आणि थांबला. सांगायचं कुणाला, हे त्याच्या लक्षात आलं. कारखान्यात आम्ही तिघंच होतो.

दादाही त्याच वेळी म्हणाले होते, "तिला सांग—" आणि तेही तिथेच अडकले.

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. लाडवाच्या दिवसानंतर पहिल्यांदाच.

"वसंता," दादा शेवटी म्हणाले, "ही कुणावर गेलीय?"

"माझ्या बहिणीवर, भाऊजी."

"मला वाटलंच," दादा म्हणाले.

वर खलबत्त्याचा आवाज थांबला. मग जिन्यावर आई दिसली. तिने दोघांकडे बघितलं, डोळ्यांना पदर लावला, आणि मग तिच्या नेहमीच्या कोरड्या आवाजात म्हणाली, "रात्रीचा चिरून झालाय. तेवढा खावा लागेल."

दुसऱ्या दिवशी पानात मटकीची उसळ होती. दोघं शेजारी शेजारी बसून जेवले आणि एकमेकांना मीठ देत होते, इतकं की शेवटी आईने मीठ उचलून आत नेलं. मग मामा म्हणाला, "भाऊजी, मी नारायण पेठेत जाऊन येतो. माफी मागतो. पोरीचं माझ्यामुळे अडायला नको." हे तो खरंच म्हणत होता. मला ते बघून इतकं वाईट वाटलं, की मी घास खाली ठेवला. आयुष्यात एकही तिरकी गोष्ट सरळ न म्हटलेला माणूस माझ्यासाठी त्या घराला सरळ म्हणायला निघाला होता.

"मामा जाणार नाही," मी म्हणाले. "मला त्या घरात जायचं नाही. आणि घर तिरकं आहे. लाडू आपल्या पायांनी गेला."

"मग काय करायचंय तुला?" दादा म्हणाले.

"खाली काम करायचंय. जुळवणी."

दादांनी ताक संपवलं. मग त्यांनी एकेक अडचण काढायला सुरुवात केली. लोक काय म्हणतील. कामगार काय म्हणतील. हाताला ग्रीस लागतं, ते निघत नाही. आई ताटं उचलत होती. "तुमचं ग्रीस इतकी वर्षं मीच काढतेय," ती म्हणाली. "तिचं लागलं तर एक तांब्या पाणी जास्त." दादा माझ्याकडे बघत राहिले. "बघू," ते म्हणाले. "मंगळवार जाऊ दे." आमच्या घरात 'बघू' म्हणजे नकार, असं मी लहानपणापासून समजत आले होते. त्या दिवशी मला पहिल्यांदा शंका आली.

रविवार आणि सोमवार आम्ही जुळवणी केली. मी मध्ये, ते दोघं टोकांना. भांडणं झालीच, पण थेट. दादा म्हणायचे, वसंता, झोपलास का, आणि मामा म्हणायचा, तुम्ही घोरत होतात म्हणून जागा आहे. मी निरोप्याच्या नोकरीतून सुटले होते. मला फक्त काटा बघायचा होता. आईने दोन दिवस कूट केला नाही. तिने तसं कुणाला सांगितलं नाही, पण उसळीला खोबरं घातलेलं होतं.

मंगळवारी अण्णा आले. या वेळी शेंगा नव्हत्या. पत्रा आत गेला, मोटर घुमली, आणि मी रोलरकडे न बघता अण्णांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले, कारण पत्र्याकडे बघवत नव्हतं. पत्रा पुढे गेला, मागे आला, पुन्हा पुढे गेला. मग मोटर थांबली. मी वळून बघितलं. दोन्ही कडा एकमेकींसमोर येऊन उभ्या होत्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत मधली फट एकसारखी. अण्णांनी तिच्यावरून बोट फिरवलं. मग पागोटं काढून माझ्या हातात दिलं, खाली बसले, आणि त्या नळकांड्यात रांगत शिरले. आतून त्यांचा आवाज विहिरीतून यावा तसा आला. "हां. आता बरं हाय." बाहेर यायला त्यांना वेळ लागला, कारण ते आत अडकून बसले. मामाने आणि दादांनी एकेक हात धरून त्यांना ओढून काढलं.

मशीन बोळातून बाहेर काढताना चांभाराच्या दुकानाची पायरी गेली. ती दादांनी नंतर बांधून दिली, आणि मामाने ती आधीपेक्षा सरळ आहे ना ते बघून घेतलं. ट्रकबरोबर लोणीला कोण जाणार हा प्रश्न निघाला तेव्हा दादा कुणाकडेही न बघता म्हणाले, "कुसुमला चप्पल बदलायला सांग. तिकडे चिखल असेल." मला हे थेट सांगायला काय हरकत होती ते मला आजही कळलेलं नाही. कदाचित सवय लागली असेल.

अण्णांची शेड सोलापूर रस्त्याला लागून, मागे ऊस. सगळी सकाळ ते मशीन नव्या चौथऱ्यावर उतरवण्यात गेली. सगळं नव्याने जुळवायचं होतं, कारण ट्रकवरून आलेलं मशीन म्हणजे पाहुण्याघरून आलेलं मूल, घरची शिस्त विसरलेलं असतं. अण्णांचे कामगार कडेला बसून माझ्याकडे बघत होते. पदर खोचून एक मुलगी लोखंडावर पालथी पडून घड्याळ सरकवतेय, असं त्यांना दिसत असणार. पुढे मी हे काम अर्धं आयुष्य केलं. नंतर काट्याऐवजी लेसर आला, तोही शिकले. लग्नही केलं, ज्यांनी मला अशीच पालथी पडलेली असताना पहिल्यांदा पाहिलं त्यांच्याशी. पण बघणाऱ्यांचे ते चेहरे सगळीकडे तेच असायचे, मग गाव कुठलंही असो. मला त्यांचा राग कधी आला नाही. मी त्यांच्या जागी असते तर मीही बघितलं असतं.

उन्हं डोक्यावर आली. अण्णांच्या मंडळींनी शेडच्या सावलीत घोंगडी अंथरली. पिठल्याचा वास येत होता, बाजरीच्या भाकरी टोपल्यात रचलेल्या होत्या, ठेचा, कांदा. दादांनी आणि मामाने हात पुसायला सुरुवात केलेली मला दिसली. अण्णा आले आणि दादांसमोर उभे राहिले.

"मालक, झाली का नीट? जेवाय बसायचं का?"

दादा रुमालाने मान पुसत होते. त्यांनी मामाकडे बघितलं. मामाने माझ्याकडे बघितलं. मग दादा अण्णांना म्हणाले, "ते ह्यांना विचारा."

'हिला' नाही, 'ह्यांना'. मला वाटलं, मागे आणखी कुणी उभं आहे. मी वळूनसुद्धा बघितलं. मागे ऊस होता.

अण्णांनी पागोटं सावरलं आणि माझ्याकडे वळले. "काय ताई? बसायचं का?"

मला प्रचंड भूक लागली होती. मी डायलकडे बघितलं. मामाच्या टोकाला काटा अजून थोडा सरकत होता. फार नाही, बहुतेक लोकांनी सोडून दिलं असतं.

"नाही," मी म्हणाले. "अजून नाही."

दादांनी एक मोठा सुस्कारा सोडला. मामाने रुमालाची घडी घालून खिशात ठेवली. दोघंही आपापल्या टोकाला गेले आणि चिखलात मांडी घालून बसले. अण्णांनी टोपल्यावर फडकं टाकलं. पिठलं गार झालं, भाकरी वातड झाल्या, आणि आम्ही जेवायला बसलो तेव्हा उन्हं उसाच्या पलीकडे गेली होती. दादांनी तीन भाकरी खाल्ल्या. चांगल्या झाल्यात म्हणाले.